आवाज तपासताना

“सकाळी काय खाल्लंत तेवढं सांगा मॅडम, आवाज बघून घेतो,” काचेपलीकडून साउंडवाला म्हणाला आणि मी अडले. किती साधा प्रश्न. शेंबडं पोरही उत्तर देईल. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर समोरच्या पडद्यावर होती. तिथे माझा आवाज पट्ट्या होऊन वरखाली होणार होता आणि त्या पट्ट्या हिरव्यातच राहिल्या, लालात गेल्या नाहीत, की त्याचं काम झालं. मी पाव खाल्ला की दगड, त्याला काही घेणंदेणं नव्हतं. नसतंच. हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक, कारण सगळी नोकरी मी हाच प्रश्न लोकांना विचारत आले. परदेशी वार्ताहर म्हणून जिथे जिथे गेले तिथे तिथे, छावणीत, इस्पितळात, मंत्र्याच्या बैठकीच्या खोलीत, पडलेल्या पुलाशेजारी. सकाळी काय खाल्लंत? उत्तराला तयारी लागत नाही, माणूस लाजत नाही, खोटं बोलत नाही, आणि बोलतो तो आपल्या नेहमीच्या आवाजात. नव्या मुलांना मी हे मोठ्या तोऱ्यात शिकवलं आहे. “मॅडम? काहीही चालेल. एक दोन तीन म्हणा.” मी एक दोन तीन म्हणाले. शहाण्यासारखी दहापर्यंत गेले. त्याने अंगठा वर केला. माझी मुलाखत घेणारा तरुण समोर बसला होता, तो हसून म्हणाला, “तुमच्यासारख्यांनाही टेन्शन येतं तर.” मी म्हणाले, “येतं की.” दुसरं काय सांगणार? की बाबा रे, हाच प्रश्न मी आज सकाळी आईला विचारून आले आहे?

उद्या आईचं स्वरयंत्र काढणार होते. घशात गाठ निघाली होती, ती पसरली होती, दुसरा इलाज नव्हता. डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्यावर बोटाने रेघ ओढून कुठे कापणार ते दाखवलं. श्वासाला तिथेच भोक ठेवणार, जेवण हळूहळू सुरू होणार, आवाज जाणार. दादा उठून पाणी प्यायला बाहेर गेला. वहिनीने मात्र विचारलं, “म्हणजे हाक नाही मारता येणार?” डॉक्टर नाही म्हणाले. परत येताना गाडीत वहिनी मला म्हणाली, “त्यांचा आवाज घेऊन ठेव गं. तुझं तर हेच काम. आमच्या मोबाइलवर नुसती खरखर येते.” आणि खरं सांगते, मला चक्क बरं वाटलं. इतकी वर्षं आईचं सगळं या दोघांनी केलं. औषधं, तपासण्या, पडली तर उचलणं, रुसली तर समजावणं. मी आपली अधूनमधून पाहुण्यासारखी उगवायची, विमानतळावर घेतलेली कसलीतरी शाल तिच्या अंगावर घालायची, ती म्हणायची छान आहे, आणि मी गेल्यावर वहिनी ती कपाटात घडी करून ठेवायची. कपाट शालींनी भरलं होतं. आता अखेर एक काम असं निघालं होतं की जे घरात फक्त मला येत होतं. अंगात बळच आलं.

मग मी ते काम अगदी शिस्तीत केलं. आज सकाळी आईच्या खोलीतला पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, तिच्या उशाचं टिकटिक करणारं घड्याळ बाहेर नेऊन टॉवेलात गुंडाळलं. फ्रिजची घरघर भिंतीतून येत होती म्हणून फ्रिज बंद केला. आमच्या धंद्यात रीत अशी की फ्रिज बंद केला की गाडीच्या चाव्या त्यात ठेवायच्या, म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते. माझ्याकडे गाडी नव्हती, चाव्या नव्हत्या, आठवण राहिली नाही, वहिनीचं सगळं दूध नासलं. तर वहिनीला मी स्वयंपाकघरात पाठवलं. दार लावून घ्यायला सांगितलं. वर ताकीद दिली, “भांडं वाजवू नकोस.” ती बिचारी आत ओट्याला टेकून हलायचीही थांबली असेल. आई पलंगावर पाठीशी उशी घेऊन बसली होती. हे सगळं ती मजेने बघत होती. “केवढा थाट गं भुंग्या,” ती म्हणाली. लहानपणी मी दिवसभर गुणगुणत घरभर फिरायचे म्हणून मी भुंगा. आवाज घोगरा झाला होता, पण तिचाच होता. मी माइक तिच्या गाउनला लावला, कानावर हेडफोन चढवले, मांडीवर रेकॉर्डर घेतला आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, “आई, आवाज बघते हं. सकाळी काय खाल्लंस सांग.”

मुलाखत सुरू झाली होती. तो तरुण माझी ओळख करून देत होता आणि त्या ओळखीतली बाई माझ्या ओळखीची नव्हती. कुठलं कुठलं युद्ध, कुठलं कुठलं पारितोषिक. “या क्षेत्रात कशा आलात? घरी पत्रकारितेची पार्श्वभूमी होती का?” मी म्हणाले, नव्हती, पण आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. हे सांगायला मला नेहमी आवडतं. लोकांनाही आवडतं. लांबच्या गावांना फोन लावायचा तर आधी आईशी बोलावं लागायचं, ते दिवस. शाळा सुटली की मी तिथे जायचे आणि तिच्या खुर्चीमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. ओळीने बसलेल्या बायका, कानाला यंत्र, समोर भोकांची फळी, हातात तारा. कुठल्या कुठल्या शहरांची नावं आई सहज घ्यायची, जशी शेजारणींची घ्यावीत. तिथूनच मला जगाचं वेड लागलं असं मी मुलाखतींतून सांगते, आणि ते खोटं नाही. तिचा एक हात सतत कानावर असायचा. यंत्र सैल होतं, घसरायचं, म्हणून ती तळहाताने ते दाबून धरायची आणि मान थोडी कलती करायची. निवृत्तीनंतरही कोणी काही महत्त्वाचं सांगायला लागलं की तिचा हात आपोआप कानावर जायचा. दादा चेष्टा करायचा, “बोला, लाइन लागली आहे.” आणि तिथला नियम ती अभिमानाने सांगायची, की एकदा जोडून दिलं की आपण कान काढून घ्यायचा. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही. “माणसं रडायची गं लाइनवर. पहिला हुंदका कानावर पडायचाच, तेवढ्यात तार सोडायची.” हे मी त्या तरुणाला सांगितलं. तो म्हणाला, “वा.” मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

कारण मीही कान काढूनच घेतला. फरक एवढाच की मला कोणी तसा नियम घातला नव्हता. परदेशातून मी घरी फोन करायचे, वेळ मिळेल तसा, आणि लाइन लागली की विचारायचे, “आई, जेवलीस का?” सगळं जग आईला हेच विचारतं. पण मी विचारायचे ते लाइन नीट आहे का बघायला. ती काय जेवली ते सांगायला लागायची, भाजीत मीठ जास्त पडलं, दादाने पान टाकलं, शेजारच्या बाईंनी काहीतरी आणून दिलं. तोवर माझं चित्त हॉटेलच्या खिडकीबाहेरच्या आवाजाकडे, नाहीतर उद्याच्या गाडीकडे. बोलायला लागली, म्हणजे ऐकू येतंय, म्हणजे जिवंत आहे, ठीक आहे. “बरं बरं. छान. ठेवते हं.” असे किती फोन झाले असतील. एकाही फोनमधलं तिचं जेवण मला आठवत नाही.

“आता त्या गाजलेल्या वृत्तांताबद्दल,” तरुण म्हणाला आणि आदराने जरा पुढे सरकला. “छावणीतले ते आजोबा. त्यांचं मौन. आम्हाला अभ्यासाला होतं ते.” मला वाटलंच होतं. तो वृत्तांत माझ्या आधी सगळीकडे पोहोचलेला असतो. एक म्हातारा, गाव जळालं, घरातलं कोणी उरलं नाही, तंबूत बसलेला. मी प्रश्न विचारते आणि तो बोलत नाही. कॅमेरा त्याच्या तोंडावर थांबून राहतो. वाऱ्याने तंबूचं कापड फडफडतं. शेवटी मी हळूच म्हणते, या माणसाकडे आता शब्द उरलेले नाहीत. बस्स. त्या एका वाक्यावर माझं नाव झालं. आणि त्या म्हाताऱ्याकडे शब्द होते. भरपूर होते. माइक लावताना मी दुभाष्याला म्हटलं होतं, विचारा त्यांना, सकाळी काय खाल्लं. दुभाषा शाळामास्तर होता. त्याला आमच्या धंद्यातली ही खोड कुठून माहीत असणार? त्याने नीट, अदबीने, खाली बसून विचारलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला बरं वाटलं असावं. मग तो बोलायला लागला आणि बोलतच राहिला. हात हलवत, मध्येच थांबत, दाराकडे दाखवत. मास्तर भाषांतर करायला तोंड उघडत होता, त्याला मी हातानेच थांबवलं, की याची गरज नाही. मी केस ठीक करत होते. आमच्या कॅमेरामनने, त्याला सगळे काका म्हणायचे, पट्ट्या बघितल्या आणि अंगठा दाखवला. मी म्हणाले, चला, सुरू. आणि तो बोलेना. पुन्हा विचारलं, तरी बोलेना. मास्तर ओशाळून म्हणाला, “ते म्हणतात, सांगितलं.” परतीच्या वाटेवर गाडीत मास्तराने विचारलं होतं, “ते काय बोलले ते सांगू का तुम्हाला?” मी म्हणाले, “नंतर.” बातमी पाठवायची घाई होती. ते नंतर राहून गेलं ते गेलंच.

“त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?” तरुणाने विचारलं. काच होती, काचेपलीकडे साउंडवाला होता, हिरवा दिवा लागला होता. हा क्षण होता. आज, निदान आज तरी, सकाळी जे घडलं त्यानंतर, मी सरळ सांगायला हवं होतं की अरे, तो बोलला होता रे, मीच ऐकलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडात आलंही होतं. आणि मी म्हणाले, “काही वेळा शांतताच सगळं सांगते.” झालं. माझं तोंड इतकं तयार आहे की मला विचारतसुद्धा नाही. आवाजही कसा, त्या ‘शांतते’वर नेमका खाली उतरलेला. तरुणाचे डोळे चमकले. काचेपलीकडचा साउंडवाला मान हलवत होता, अर्थात पट्ट्यांना. मला माझीच किळस आली.

सकाळी आई बोलली ती बराच वेळ बोलली. हे मला नक्की ठाऊक आहे, कारण तेवढ्या वेळात मी माइक दोनदा हलवला. आधी तिचा आवाज खाली होता, पट्ट्या पार तळाशी. माइक वर घेतला. मग ती खोकली, तेव्हा लाल झालं, जरा खाली केला. मग तिचा आवाज स्थिर झाला, हिरव्यात छान नाचायला लागला. शेवटी शेवटी तर इतका स्वच्छ येत होता की मला यंत्राचं कौतुक वाटलं. कानावर हेडफोन होते, तिचा श्वाससुद्धा माझ्या कानात होता, इतकी जवळ ती मला आयुष्यात कधी ऐकू आली नसेल. आणि मी काय ऐकलं? बिस्किट. बिस्किट हा शब्द होता. चहात पडलं, का पाडलं. तुझे बाबा, असं एकदा. खिडकी होती कुठेतरी. आणि एकदा “तेव्हाच तुला सांगणार होते”, हे नक्की, कारण ‘तेव्हाच’च्या ‘च’ला पट्टी उडाली. बाबा मी शाळेत असताना गेले. त्यांच्याबद्दल ती कधी बोलत नाही. बिस्किटापासून सुरू होऊन ती बाबांपर्यंत कशी गेली, आणि मला काय सांगणार होती, कधी? मला पट्ट्यांचे चढउतार हुबेहूब काढून दाखवता येतील. शब्द नाहीत. मी तिला म्हणाले, “हं, छान,” आणि लाल बटण दाबलं, म्हणजे रेकॉर्डिंग आता कुठे सुरू केलं. आमच्यात आवाज तपासायचा भाग कोणी घेऊन ठेवत नाही. उगाच जागा खातो.

मी म्हणाले, आता बोल आई. ती म्हणाली, सांगितलं की मघाशी. मी म्हणाले, ते परत सांग. ती म्हणाली, दमले मी. रागावली नव्हती, रागावली असती तर परवडलं असतं. मग खाली स्टुडिओची गाडी येऊन हॉर्न वाजवायला लागली. मुलाखत आधीच ठरली होती. रद्द करता आली असती, एका फोनचं काम होतं. मी म्हणाले, “आई, संध्याकाळी नीट बसून करू,” आणि निघाले. जिन्यात वहिनीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, “झालं का? आता वाजवू का भांडी?” मी म्हणाले, “वाजव.”

स्टुडिओतून थेट इस्पितळात गेले. आईला दुपारीच दाखल करायचं होतं. रस्ताभर मी मनात उजळणी करत होते, की आता यंत्र काढायचंच नाही. नुसतं बसायचं, तिचा हात धरायचा, म्हणायचं आई, सकाळचं मी ऐकलं नाही, मूर्ख आहे मी, परत सांग. एवढं म्हणायला किती अवघड वाटत होतं, आणि तरी मी म्हणणार होते. खोलीच्या दारात वहिनी उभी. आत आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. “घरून निघतानाच धाप लागली गं,” वहिनी म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, आता एक शब्दही बोलायचा नाही. सकाळी फार बोलल्या ना त्या. पण असू दे, आवाज तर घेतलास तू, ते बरं झालं.” मी मान हलवली. आईने मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते, शांत होते. तिने काही सांगायचा प्रयत्नही केला नाही. मी तिच्या पायांशी बसले, पांघरूण सारखं केलं, पुन्हा सारखं केलं. सिस्टरने येऊन ओठांवर बोट ठेवलं, मला, आणि मी तर बोलतच नव्हते.

ऑपरेशन नीट झालं. सगळे म्हणाले, नीट झालं. आईला खोलीत आणलं तेव्हा गळ्याला पांढरी पट्टी होती, तिच्या मधोमध नळी, आणि श्वास तिथून यायचा, शिट्टी वाजवायला शिकणाऱ्यासारखा. चारदोन दिवसांनी ती उशीला टेकून बसायला लागली, तशी वहिनी एका दुपारी म्हणाली, “लाव ना तो आवाज. त्यांनाही ऐकू दे.” काहीतरी सबब सांगायला मी तोंड उघडलं, की बॅटरी नाही, घरी राहिलं. पण रेकॉर्डर समोरच्या पिशवीतून डोकावत होता. लावला. आधी मी. ताजी, टवटवीत, कामाची बाई. “आता बोल आई.” मग आई. “आता आणखी काय बोलू? सांगितलं की मघाशी.” मी, “ते परत सांग ना.” आई, “परत परत तेच काय गं भुंग्या. दमले मी.” मग हॉर्न. मग काही नाही. वहिनी हसली आणि तिचे डोळे भरले. “अगदी आई,” ती म्हणाली. “आणि मघाशीचं? ते लाव.”

“ते घेतलं नाही.”

“म्हणजे?”

“ते नुसतं आवाज तपासायला असतं, वहिनी. ते घेत नाहीत.”

“बरं, राहिलं तर राहिलं,” वहिनी समजुतीने म्हणाली. “तू होतीस ना समोर? मी तर दाराआड होते, मला काही ऐकू आलं नाही. काय म्हणाल्या ते तूच सांग.”

आईही माझ्याकडे बघत होती. आठवत नाही असं म्हणता आलं असतं. तसं म्हटलं की वहिनीने वय झालं म्हणून सोडूनही दिलं असतं. मी म्हणाले, “मी ऐकलं नाही.” वहिनीने हातातला टॉवेल घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला. वर्षानुवर्षं तिने मला काही म्हणून बोल लावला नव्हता, तेव्हाही लावला नाही. “मी पाणी भरून आणते,” म्हणाली आणि भरलेला तांब्या घेऊन बाहेर गेली.

आईने माझं मनगट धरलं. हाताला ताकद नव्हती, पण सोडेना. दुसऱ्या हाताची बोटं जुळवून ओठांपाशी नेली आणि हनुवटी उचलली. खाल्लंस? मी म्हणाले, “हो.” तिने मान हलवली. नाही, हे नाही. पुन्हा बोटं ओठांपाशी, आणि मग तळहात उताणा केला. काय? मला वाटलं ती मला शिक्षा करते आहे. मग तिच्या तोंडाकडे बघितलं तर तसं काही नव्हतं. तिला खरंच हवं होतं. “चहा,” मी म्हणाले आणि थांबले, कारण एवढ्यावर माणसं थांबतात. ती थांबून राहिली. “चहा आणि बिस्किट. खाली कँटीनमध्ये. चहा गार झाला होता, आई. बिस्किट त्यात पडलं, चमच्याने काढायला गेले तर विरघळूनच गेलं, आणि मग मला गिळवेना.” तिने डोळे मिटले. मनगट सोडून हात वर नेला, तळवा कानावर दाबला, मान थोडी कलती केली. नळीतून तिचा श्वास येत-जात होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि सकाळी उठल्यापासून सांगायला लागले.